ज्वारीच्या मुलखात न झालेली बिअर

गेल्या वर्षी पावसाळ्यात पुण्याला गेलो होतो. काम अभिलेखागारातलं होतं, ते दोन दिवसांत आटोपलं. तिसऱ्या दिवशी भाच्यानं धरलं, "मामा, आता आमचं काम बघायला चला." हा रसायन अभियांत्रिकी शिकलेला मुलगा, चार वर्षांपासून एका मायक्रोब्रुअरीत कामाला आहे. मी सहज म्हणालो, "म्हणजे तू बिअर गाळतोस." त्यानं मला तिथंच थांबवलं. "मामा, गाळतात ती दारू. बिअर आंबवतात."

माझ्या वयाच्या माणसाला, आणि तेही अर्धं आयुष्य जुने कागद चाळण्यात घालवलेल्या माणसाला, हा फरक ठाऊक असायला हवा होता. नव्हता. आमच्या घरात दारूला शिवायचं नाही हा आजीचा दंडक. तो मी बहुतेक पाळला. त्यामुळे त्या दिवशी काचेच्या भिंतीपलीकडच्या चकचकीत टाक्या मी एखाद्या साखर कारखान्याला भेट द्यावी तशा पाहिल्या. एका टाकीत भरडलेलं मोड आणलेलं धान्य साधारण पासष्ट अंश गरम पाण्यात तासभर भिजत होतं. गंध थेट आपल्या हुरड्याच्या आगटीचा नाही, पण त्याच्या भावकीतला. धान्यातल्या पिठाची तिथं साखर होते. ते गोड पाणी निथळून घ्यायचं, उकळायचं, त्यात हॉप्स नावाची कडू फुलं टाकायची, थंड करायचं, यीस्ट सोडायचं आणि वाट पाहायची. उरलेला चोथा जवळपासच्या गोठ्यांत जातो, हे ऐकून बरं वाटलं.

मग लाकडी पाटीवर चार छोटे ग्लास आले. पहिली गव्हाची. तिला पिकल्या केळ्याचा वास. केळं घातलेलं नसतं, तो यीस्टचा गुण, असं भाच्यानं सांगितलं. दुसरीत संत्र्याची साल आणि चक्क धने. तिसरी कडू, पाडव्याला कडुनिंबाचा पाला चावताना होतं तसं तोंड झालं, पण घोट उतरल्यावर कडूपणा रेंगाळला तो वाईट नव्हता. चौथी काळीभोर. तिच्यात भाजलेली जव असते. मला मात्र तव्याला लागून करपलेल्या भाकरीचा पापुद्रा आठवला, आणि चारांतली तीच आवडली. ग्लास संपवले नाहीत. चाखले.

मी विचारलं, धान्य कुठलं? जव राजस्थान-हरियाणातली, काही खास प्रकारचं माल्ट जर्मनी-बेल्जियमचं, हॉप्स परदेशातले. महाराष्ट्राचं काय? पाणी, असं म्हणून भाचा हसला. नंतर त्यानं उलट विचारलं, "मामा, तुम्ही इतिहासवाले. आफ्रिकेत ज्वारीची बिअर घरोघर करतात. आपण तर ज्वारीवरच वाढलो. मग आपल्याकडं कधी कुणी ज्वारीची बिअर का केली नाही?"

मला उत्तर आलं नाही. परभणीला परत येताना गाडीत तोच प्रश्न डोक्यात होता, आणि पुढचे काही महिनेही. हा लेख म्हणजे भाच्याला उशिरा दिलेलं उत्तर समजावं.

त्याआधी एक गंमत. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ साली पुण्यात सुरू झाली, तिचं नाव डूलाली. नाव परदेशी वाटतं, पण ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून असत. उकाडा, आजार, रिकामपण आणि दारू यांनी काहींची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत वेडा झालेल्याला डूलाली म्हणू लागले. गावाचं नाव साहेबाच्या तोंडी बिघडलं आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी बिअरवर बसून परत आलं.

आता ज्वारी. हे धान्य मूळचं आपलं नाही. ते आफ्रिकेतलं, आजच्या सुदानच्या आसपासच्या गवताळ प्रदेशात माणसाळलेलं, आणि हजारो वर्षांपूर्वी समुद्रमार्गे भारतात आलेलं. दख्खनच्या काळ्या मातीत ते असं रुजलं की आपण त्याला परकं म्हणायला कचरतो. तिकडे सुदानात त्याची मेरिसा होते, बुर्किना फासोत डोलो, दक्षिण आफ्रिकेत उमकोंबोथी. बहुतेक ठिकाणी ती बायका करतात आणि ती निम्मी अन्न, निम्मं पेय असते. दाट, आंबट, गढूळ, दोन-चार दिवसांत संपवायची. म्हणजे धान्य समुद्र ओलांडून आलं, आणि त्याची बिअर तिकडेच राहिली.

अर्धवट मात्र आली असं मला वाटतं. ती आपल्या स्वयंपाकघरात आहे आणि तिला आपण आंबील म्हणतो.

आमचं गाव गंगाखेडकडचं, गोदावरीच्या दक्षिणेला. लातूर-धाराशिवप्रमाणे आमच्याकडेही मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस होते. शेतात कडब्याची कोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, खीर यांचा नैवेद्य, आणि त्यांच्या जोडीला मडक्यात आंबील. आजी आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायची. रात्रभरात ते फसफसून वर यायचं. सकाळी आधणात सोडून शिजवायचं, गार झालं की पुन्हा ताक, मीठ, जिरं, लसूण. उन्हाळ्यात तर रोजचीच. तिच्यात आंबटपणा आणणारे जिवाणू आणि आफ्रिकेतल्या बिअरचा पहिला आंबट टप्पा घडवणारे जिवाणू एकाच कुळातले. फरक पुढच्या पायरीचा आहे. तिकडे त्यात मोड आलेली ज्वारी पडते, पिठाची साखर होते, साखरेवर यीस्ट चढतं. आपल्याकडे आजी ते उकळायला ठेवते आणि गोष्ट तिथंच संपते.

ती पायरी आपण का चढलो नाही? मोड आणणं आपल्याला येत नव्हतं असं नाही. नाचणीला मोड आणून सत्त्व करणारी ही भूमी. ज्वारीच्या मोडाबाबत मात्र शेतकऱ्याच्या मनात एक भीती बसलेली आहे आणि ती खरी आहे. कोवळी पोंग्यातली ज्वारी, विशेषतः पावसानं ताण दिलेली, गुरानं खाल्ली तर ते तासाभरात तडफडून मरतं. आमच्याकडे याला किरळ लागणं म्हणतात. ज्वारीच्या कोंभात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. आफ्रिकेतल्या बायकांनी यावर केव्हाच उपाय शोधला: मोड वाळवायचे, कोंभ आणि मुळं चोळून झाडून टाकायची, मगच दाणे दळायचे, आणि पुढे ते उकळायचे. ज्याच्या दावणीचा बैल किरळ लागून मेला तो या वाटेनं जाऊन पाहील, असं मला वाटत नाही. पण एवढ्यावरून सगळं स्पष्ट होतं असंही मी म्हणणार नाही.

खरं कारण झाडावर होतं. दारूला साखर लागते. धान्यात ती पिठाच्या रूपात कुलूपबंद असते, आणि मोड आणण्याचा सगळा खटाटोप ते कुलूप उघडण्यासाठी. आपल्याकडे साखर उघड्यावर होती. वाळलेल्या मोहाच्या फुलाचं निम्म्याहून अधिक वजन साखरेचंच. ओढ्याकाठच्या शिंदीला चीर देऊन मडकं टांगलं की पहाटे नीरा मिळते, आणि ऊन चढेपर्यंत हवेतल्या यीस्टनंच ती चढू लागते. माणसाला काही करावं लागत नाही. अशी फुकटची सोय असताना दोन-तीन दिवस मोड आणून, वाळवून, दळून, शिजवून ज्वारीची बिअर कोण करत बसेल? जिथं मोह नाही, ताड-शिंदी नाही, तिथं माणूस धान्याकडे वळला. हिमालयात नाचणीची छांग होते ती म्हणूनच, असा माझा अंदाज. अर्थात झारखंडात मोहाच्या शेजारीच तांदळाची हंडिया होते, त्यामुळे हा नियम म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

तर परभणीकडे एक वाटणी झाली: शेतातलं पोटाला, झाडावरचं नशेला. आणि झाडावरच्यावर राज्याची नजर होती.

ही नजर फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, दारू कुठं विकायची, कुणाला किती द्यायची याचे नियम आहेत, आणि उत्सव-यात्रेच्या वेळी चार दिवसांची मोकळीक आहे. सुरेसाठी लागणारं किण्व, म्हणजे आंबवणाचं विरजण, निवडण्याचं काम बायकांनी आणि मुलांनी करावं असंही त्यात आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातही हात बायकांचे आणि हिशेब राज्याचा.

आपल्या भागात हा हिशेब निजामाचा. हैदराबाद संस्थानात अबकारी हा महसुलाच्या मोठ्या स्रोतांपैकी एक होता. शब्द फारसी, आब म्हणजे पाणी, कारी म्हणजे काम, पाण्याचं काम. शिंदी छेदण्याचा आणि दारू विकण्याचा हक्क हर्रासात जाई. जो जास्त बोली बोलेल त्याला गुत्ता मिळे, तो गुत्तेदार. परभणी-नांदेडकडे कोणत्याही कंत्राटदाराला आजही गुत्तेदारच म्हणतात. विहिरीचा गुत्ता, रस्त्याचा गुत्ता, ऊसतोडीचा गुत्ता. हा शब्द तेलुगू-कानडीतून आला, आणि तिकडे त्याचा अर्थ नुसता मक्ता. पुण्या-मुंबईच्या माणसाला मात्र गुत्ता म्हटलं की दारूचा अड्डाच दिसतो. एका शब्दाच्या दोन संसारांत मराठवाड्याची सरहद्द कुठून जाते ते कळतं.

शेजारच्या इंग्रजी मुलखातही वेगळं नव्हतं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं गावोगावची छोटी भट्टी बंद पाडून दारू मध्यवर्ती भट्ट्यांत नेली. १८९२ साली तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुलं गोळा करण्यावरच कायद्यानं बंधनं घातली. फुलं वेचणं हा गुन्हा! परभणी या कायद्यांच्या बाहेर होती, पण रीत तीच: माणसानं प्यावं, पण सरकारचंच प्यावं.

पुढे याच झाडांवर कुऱ्हाड पडली, तीही स्वातंत्र्यासाठी. १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला. त्याच्या कार्यक्रमात करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करणं होतं, लेव्हीचं धान्य न देणं होतं आणि शिंदीची झाडं तोडणंही होतं. निजामाच्या उत्पन्नाचा झराच आटवायचा. लेव्ही आणि शिंदी, दोन्ही एकाच यादीत यावीत यात मला फार अर्थ दिसतो. सरकारचा एक हात शेतकऱ्याच्या बळदातल्या ज्वारीवर आणि दुसरा ओढ्याकाठच्या झाडावर होता. लढणाऱ्यांनी दोन्ही हात झटकले. या झाडतोडीच्या आठवणी अभिमानानं सांगितल्या गेल्या आहेत, आणि तो अभिमान योग्यच आहे. फक्त एक सल आहे. ती झाडं छेदून ज्यांच्या चुली पेटत, त्या घरांच्या आठवणी कुणी लिहून घेतल्या नाहीत. मीही उशिराच जागा झालो. गावोगाव विचारलं तेव्हा 'आमचा आजा शिंदी काढायचा' एवढंच सांगणारी माणसं उरली होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला, आणि त्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आधीपासून होता. तो कायदा १९५९ साली मराठवाडा-विदर्भाला लावला गेला. ज्या मुलखाचा बराच कारभार अबकारीवर चालायचा तिथं कागदावर सगळं कोरडं झालं.

प्रत्यक्षात काय झालं ते आमच्या घरातच सांगता येतं. माझा थोरला चुलता याच काळात जाणता झाला. शिंदी सौम्य असे, उघड्यावर मिळे आणि दिवस मावळेपर्यंत संपे. बंदी आल्यावर उरली ती हातभट्टी, काळ्या गुळाची, नवसागर टाकलेली, रात्री नाल्यात उकळलेली. सौम्य चीज लपवणं अवघड असतं, कारण ती खूप लागते आणि लवकर नासते. जहाल चीज फुग्यात मावते. बंदीनं पिणं थांबवलं नाही, पिण्याची जात बदलली. अर्थात हे काही केवळ मराठवाड्याचं दुर्दैव नव्हतं. बंदी जिथं जिथं आली तिथं तिथं हेच घडलं.

चुलत्याजवळ रोकड नसायची. रोकड कुणाजवळच नसायची. तो बळदातली ज्वारी न्यायचा. पायली-दोन पायली धोतराच्या सोग्यात बांधायची आणि भट्टीवाल्याला द्यायची. आजीला आवाजावरून कळायचं म्हणे, बळदाच्या तोंडाची फळी सरकली की. ती भांडायची नाही. दुसऱ्या दिवशी सुनांच्या ताटात भाकरी वाढताना एक कमी वाढायची, स्वतःची. चुलता चाळीशीत गेला. मी तेव्हा लहान होतो. मला त्याच्यापेक्षा त्या फळीचा आवाजच जास्त आठवतो, किंवा तो इतक्यांदा ऐकलाय की आठवतो असं वाटतं.

म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं एक कडू उत्तर हे आहे: ज्वारीची दारू आपल्याकडे होतच होती. मडक्यात होत नव्हती, तराजूत होत होती.

त्याच १९५९ साली, जूनमध्ये, दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळच्या कॅटो मॅनर वस्तीत बायकांनी नगरपालिकेच्या बिअर हॉलवर मोर्चे नेले, आत घुसून पिणाऱ्यांना हाकललं, पिंप उलथली. त्यांची तक्रार काय होती? बायकांनी घरी ज्वारीची बिअर करायची नाही असा कायदा होता. बिअर विकण्याचा मक्ता नगरपालिकेकडं. १९०८ च्या कायद्यापासूनची ही रीत, आणि त्या पैशातून काळ्या लोकांच्या वस्त्यांचा कारभार चाले. नवऱ्याचा पगार बिअर हॉलमध्ये आणि बायकोची भांडी पोलिसांच्या गाडीत. आपल्याकडच्या बायकांनी पुढे 'आडवी बाटली'ला मतं देऊन दुकानं बंद पाडली. त्यांची मागणी दारू नको अशी होती. डर्बनच्या बायकांची मागणी आमची आम्हाला करू द्या अशी होती. दोघींच्या मागण्या एकमेकींच्या उलट आहेत खऱ्या. पण दाण्याचा हिशेब कुणाच्या हातात, हा प्रश्न दोघींचा एकच.

१९७२ हे साल मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलं असं म्हणण्याइतका मोठा नव्हतो. घरात मात्र ते पुढची वीस वर्षं जिवंत होतं. खडी फोडण्याची कामं, सुकडी, आणि रेशनवर मिळणारी मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतली तांबडी ज्वारी, तिकडे जनावरांना घालतात ती. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. ज्वारीच्या मुलखाला ज्वारी भीक म्हणून घ्यावी लागली, ही गोष्ट आमच्या वडिलांच्या पिढीला उपासापेक्षा जास्त लागली होती.

त्याच वर्षी १८ मेला परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झालं. मुख्यमंत्री वसंतराव नाईक. आज विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. संकरित ज्वारीचा प्रसार त्यांच्याच काळातला, आणि दारूबंदी सैल होत गेली तीही त्यांच्याच काळात. देशी दारूचे नियम १९७३ चे. एकाच कारकिर्दीत दाणा वाढवण्याची खटपट, दाण्याचा दुष्काळ आणि दारूचे परवाने यावेत, यात कुणाचा दुटप्पीपणा शोधू नये. राज्याला पैसा हवा होता आणि हातभट्टीचे बळी दिसत होते. पण तारखा शेजारी ठेवल्या की अस्वस्थ व्हायला होतं एवढं खरं.

संकरित ज्वारीनं पोटं भरली. मात्र ती खरिपाची. दाणे भरायच्या वेळी परतीचा पाऊस गाठायचा आणि कणसं काळी पडायची. काळ्या ज्वारीला भाव नाही, भाकरीला रंग नाही. हळूहळू खरिपातली ज्वारी गेली, सोयाबीन आलं. रब्बीची राहिली ती भाकरीपेक्षा कडब्यासाठी म्हणायला हरकत नाही. विद्यापीठानं मधल्या काळात चांगली वाणं दिली, परभणी मोती, परभणी ज्योती, अलीकडे लोह-जस्त जास्त असलेली परभणी शक्ती. वाणांची नावं परभणीची आणि परभणीच्या ताटात गव्हाची पोळी.

या काळ्या ज्वारीनंच पुढचा वाद पेटवला. २००७ साली राज्य सरकारनं धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन द्यायचं ठरवलं. लिटरमागे दहा रुपयांपर्यंत अनुदान. युक्तिवाद असा की काळी पडलेली ज्वारी-बाजरी कुणी घेत नाही, तिला गिऱ्हाईक मिळेल. विरोधात डॉ. अभय बंग, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारखी माणसं उभी राहिली. परभणीतही निवेदनं निघाली. त्यांपैकी एकावर माझी सही आहे, आणि आज कुणी कागद पुढे केला तर पुन्हा करीन.

तेव्हा एका मित्रानं मला पेचात पकडलं होतं. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिकला वायनरी आल्या, तेव्हा तू कुठं सही केलीस? मग ज्वारीवरच एवढा गहिवर का? मला तेव्हा जमलेलं उत्तर 'ज्वारी अन्न आहे' एवढंच. ते पुरेसं नाही हे मलाही कळत होतं, द्राक्षही अन्नच. आज मी निराळं सांगेन. द्राक्षासाठी कुणी खडी फोडली नाही. द्राक्ष कुणाच्या बळदातून रात्री गेलं नाही. या मुलखात ज्वारी हे चलन होतं, मजुरी होती, लेव्ही होती, बलुतं होतं, दुष्काळ होता. तिच्याबद्दल लोक हळवे होतात ते धर्मामुळे नाही, हिशेबामुळे.

दुसरी गोष्ट मला पुण्याच्या त्या टाक्यांसमोर उमगली. धान्याच्या मद्यार्कात धान्य उरतच नाही. ऊर्ध्वपातन करत करत त्याला असं निर्गुण केलं जातं की ज्वारी होती, मका होता की तांदळाची कणी होती, हे चाखून कुणी सांगू शकत नाही. म्हणूनच कारखाना जे स्वस्त ते उचलतो. ज्वारीच्या नावानं आलेलं धोरण ज्वारीला बांधील राहण्याचं कारणच नव्हतं. बिअरमध्ये मात्र धान्य जिभेला लागतं. करपलेली भाकरी मला आठवली ती उगाच नाही.

म्हणून बिअर चांगली का? इतकं सरळ नाही. औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतींत मोठमोठ्या ब्रुअरी आहेत. देशातल्या बिअरच्या धंद्यात त्या शहराचं नाव मोठं. एक लिटर बिअरमागे, धुण्या-थंड करण्यासह, साधारण चार ते सहा लिटर पाणी जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागत होतं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचं पाणी निम्म्याहून अधिक तोडण्याचा आदेश दिला. तो उन्हाळा आम्ही परभणीत टँकरच्या रांगेत काढला. दुसऱ्या मुलखातली जव आणि आपलं पाणी, हा व्यवहार मला पटत नाही. ज्वारी निदान कमी पाण्यावर येते. बिअर व्हायचीच असेल तर ती जिथं पिकतं त्या दाण्याची का होऊ नये, या भाच्याच्या बोलण्यात तथ्य आहे.

तांत्रिक अडचणी त्यानंच समजावून सांगितल्या. जवेला साल असते, तीच गाळणीचं काम करते. ज्वारीचा दाणा उघडा, त्याचा लगदा होतो आणि पाणी निथळत नाही. दुसरं, ज्वारीचं पीठ शिजून मऊ व्हायला जवेपेक्षा जास्त उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत साखर करणारी विकरं मरतात. म्हणून आधी शिजवायचं, निववायचं, मग माल्ट घालायचं. हे जमत नाही असं नाही. नायजेरियानं १९८८ साली जवेच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली आणि तिथल्या मोठ्या ब्रुअरी एका फटक्यात ज्वारी-मक्याकडे वळल्या. गरज पडली की ज्ञान येतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा आपल्याकडे ज्वारीची बिस्किटं आणि पास्ता झाला. शहरातली माणसं मोठ्या कौतुकानं खात होती.

भाच्याला मी हे सगळं तुकड्यातुकड्यानं फोनवर सांगत गेलो. चुलत्याची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. त्याच्या आईनं, माझ्या बहिणीनं, ती त्याला कधी सांगितली नव्हती. थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, पाच किलो दगडी ज्वारी पाठवता का? नुसते मोड आणून बघतो. पुढं काही करणार नाही."

मी पाठवली. पाठवताना किरळीचं सविस्तर सांगितलं, कोंभ अन् मुळं चोळून टाकल्याशिवाय दाणे दळायचे नाहीत. त्यानं सगळं नीट केलं. भिजवणं, ओल्या गोणपाटात मोड, गच्चीत वाळवणं, हातानं चोळणं. दाणे भरडून गरम पाण्यात घातले, साखर किती उतरते ते मोजायला. ऐन वेळी कामावरून बोलावणं आलं आणि ते भांडं ओट्यावर तसंच राहिलं, दीड दिवस.

परत आल्यावर त्यानं झाकण उघडलं आणि मला फोन लावला. भांड्यातलं वर आलं होतं, फसफसत होतं. यीस्ट त्यानं घातलंच नव्हतं. त्यानं चमचाभर चाखून पाहिलं होतं.

"मामा," तो म्हणाला, "आंबील झाली."